वीतभर कमी

मिस्त्रीचं विमान तिसऱ्यांदा बंद पडलं ते मंगळवारी, अख्ख्या गावासमोर.

शेपटीला जाड दोर बांधून तो बांधावरच्या झाडाला अडकवला होता. चाकांपुढे लाकडी ठोकळे लावले होते आणि मिस्त्री आत बसून इंजिन पुऱ्या जोरात चालवून बघत होता. कापणी झालेल्या शेतातली धसकटं मागे उडत होती. बघायला आलेल्यांनी कानांवर हात ठेवले होते. पाच मिनिटं झाली, सात झाली, आठ झाली. मग इंजिनानं दोन उचक्या दिल्या, आवाज बारीक होत गेला आणि पुढचा पंखा गरगरत येऊन थांबला.

"उतरलं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. माणसं हसली.

मिस्त्री खाली उतरला. कपाळावरचा घाम डोळ्यांत जात होता, तो त्यानं पुसला नाही. डाव्या पंखाचं टोक धरून त्याची बायको उभी होती. वाऱ्यानं पंख उचलला जाऊ नये म्हणून ती मघापासून तशीच उभी होती. मिस्त्रीनं तिच्याकडे बोट केलं.

"सूत!" तो ओरडला. "हिचं सूत गेलंय टाकीत! किती वेळा सांगितलं, शिवताना धागे झटकत जा म्हणून!"

"टाकीचं झाकण बंद होतं हो," ती म्हणाली. "मी स्वतः फडकं बांधून—"

"गप बस."

त्यानं खिशातून चाकू काढला. टाकी डाव्या पंखाच्या मुळाशी होती आणि तिच्यावर कापड ताणून बसवलेलं होतं. कापडात चाकू खुपसून त्यानं तो हातभर सरळ ओढला. ताणलेलं कापड टर्रकन फाटलं. तो आवाज शेताच्या कडेपर्यंत गेला.

ते कापड तिनं शिवलं होतं. दोन हिवाळे. लाकडी फासळी आली की वरून सुई घालायची, खालून काढायची, गाठ मारायची, दोन बोटं सोडून पुन्हा सुई घालायची. सुई कोपरापासून मनगटापर्यंत पोचेल एवढी लांब. दोन्ही पंख मिळून चौदाशे गाठी झाल्या होत्या आणि तिच्या उजव्या अंगठ्याचं कातडं चामड्यासारखं झालं होतं. गावात तिला टेलरबाई म्हणत. शाळेचे गणवेश, ट्रॅक्टरच्या सीटा, ताडपत्र्या, जे येईल ते ती शिवायची. पण आपलं शिवलेलं कुणी चाकूनं फाडताना तिनं याआधी कधी बघितलं नव्हतं.

मिस्त्रीनं टाकीचं बूच काढलं, आत बॅटरीचा उजेड टाकला. टाकी आरशासारखी स्वच्छ होती.

"पुढं सरकलं असेल," तो म्हणाला, पण हळू.

मोठे भावजी म्हणजे मिस्त्रीचे थोरले भाऊ. शेत त्यांच्या वाट्याचं होतं. कापणीनंतर त्यातली चारशे पावलांची पट्टी त्यांनी भावाला विमानासाठी दिली होती, ती पण हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून. आताही ते हसतच पुढे आले.

"सोमवारी सकाळी मी नांगर घालणार," ते म्हणाले. "तोवर उडवा, नाहीतर कोंबड्या ठेवा त्यात."

जाऊबाईंनी टेलरबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, आपण पिशव्या शिवाव्यात. हे कुठं घेऊन बसलीस?"

टेलरबाईनं खांदा काढून घेतला आणि पंखाचं टोक पुन्हा धरलं, कारण वारा होता. घरी येताना दुकानदारानं फळीवरून वाकून विचारलं, "काय टेलरबाई, सूत सापडलं का?" ती तशीच पुढे गेली. तिचे कान घरी पोचेपर्यंत जळत होते.

बुधवारी सकाळी विमान ढकलत शेडमध्ये आणलं. तिनं फाटलेल्या कडा चिमटीत धरून तिरप्या टाक्यांनी जवळ ओढल्या, वर पट्टी चिकटवली, इस्त्री गरम करून पट्टी आवळली, मग रोगणाचा पहिला हात दिला. त्या वासानं डोकं धरायचं. तीन हात द्यायचे होते आणि प्रत्येक हात वाळायला चार-पाच तास लागायचे. तिच्या पाठीमागे मिस्त्री इंजिन उघडून बसला होता. त्यानं प्लग बदलले. कार्ब्युरेटर सोडवून पेट्रोलमध्ये बुडवला, तारेनं भोकं साफ केली. वायरी बदलल्या. प्रत्येक वेळी विमान बाहेर काढायचं, दोर बांधायचा, चालवायचं. बहुतेक वेळा आठव्या नवव्या मिनिटाला ते मरायचं.

त्यानं एकदाही सुताचं नाव काढलं नाही. माफीचंही नाही.

टेलरबाई मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ धरत होती. शिवणकामाच्या खडूनं तिनं शेडच्या भिंतीवर लिहिलं: इंजिनावरचं झाकण लावलं तर आठ मिनिटं. झाकण काढलं तर एकोणीस. हळू चालवलं तर बंद पडत नाही. बंद पडल्यावर पाव तास थांबलं की पुन्हा चालू.

"ऐकता का," ती म्हणाली. "गरम झालं की त्याला पेट्रोल पुरत नाही. कचरा असता तर थंड असतानाही अडकला असता ना?"

"आता तू मला इंजिन शिकवणार?"

"शिकवत नाही. लिहिलंय ते वाचा."

मिस्त्रीनं उठून तेलकट फडक्यानं भिंत पुसून काढली. पांढरा डाग तेवढा राहिला. तिनं खडूचा तुकडा मुठीत एवढा दाबला की त्याचा भुगा झाला.

शुक्रवारी काका आले; अख्खं गाव त्यांना काकाच म्हणायचं. पिकांवर औषध फवारणारं विमान त्यांनी तीस वर्षं चालवलं होतं. आता ते साठीला आले होते आणि डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. पहिलं उड्डाण तेच करणार होते, कारण मिस्त्रीला विमान बनवता येत होतं, उडवता येत नव्हतं. काकांनी एका डब्यातून पेट्रोलचा दाब दाखवणारं घड्याळ आणलं होतं.

"हे लावल्याशिवाय मी बसत नाही," ते म्हणाले. "डोळे बांधून कोण उडणार?"

समोरच्या लाकडी फळीत पाच घड्याळं होती. वेग, उंची, इंजिनाचे फेरे, इंजिनाची उष्णता, होकायंत्र. सहाव्यासाठी मिस्त्रीनं भोक पाडलं. टेलरबाईनं कडा कानशीनं घासून दिल्या, घड्याळ भोकात बसवून मागून स्क्रू आवळले. तोवर काकांनी बसण्याच्या जागेचे पट्टे तपासले. पट्टा हाताला गुंडाळून त्यांनी सगळ्या अंगाचं वजन टाकून मागे ओढला. टाका हलला नाही.

"कुणी शिवलं?"

"हिनं," मिस्त्री स्क्रूड्रायव्हरकडे बघत म्हणाला.

काका पंखाच्या कडेनं लंगडत गेले. तळवा कापडावरून फिरवत ते नव्या पट्टीपाशी थांबले.

"आणि फाडलं कुणी?"

काकांनी दोघांकडे एकदा बघितलं आणि पुढे गेले.

विमान बाहेर काढून इंजिन चालू केलं. काका आत बसले होते, ती बाहेरून वाकून नव्या घड्याळाकडे बघत होती. सात मिनिटं काटा जागचा हलला नाही. आठव्या मिनिटाला तो थरथरला, मग खाली खाली आला. त्याच्या मागोमाग इंजिन बंद पडलं.

"घ्या," काका म्हणाले. "इंजिन बिचारं काय करणार? त्याला मिळतच नाहीये. टाकीतून किती पडतं?"

टाकीखाली डबा धरून मोजलं. भरपूर पडत होतं. जाळी काढली, स्वच्छ होती. टाकीला हवा जायचं भोक मोकळं होतं.

"मग मधली नळी," काका म्हणाले. "कुठली घातलीत?"

"विमानाचीच," मिस्त्री म्हणाला. "खास मागवलेली. वरून ही जाड कापडाची बाही आहे, उष्णता लागत नाही तिला."

"नक्की?"

"शंभर टक्के."

काकांनी पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढला. "हा पाय असाच गेला बरं का. इंजिन बंद पडलं तेव्हा खाली झाडं होती. हवेत कडेला गाडी लावता येत नाही, मिस्त्री. रविवारी पंचवीस मिनिटं सलग चालवून दाखवा, मग बसतो."

ते गेल्यावर टेलरबाई इंजिनाखाली वाकून त्या बाहीकडे बघत राहिली. बाही तिनंच शिवली होती. पण नळी त्यानं आधीच जागेवर बसवलेली होती आणि वर बाही चढवूनच त्यानं तिला हाक मारली होती. "फक्त कडा शिव," तो म्हणाला होता, "जास्त उघडू नको." आणि ती शिवत असेपर्यंत तो डोक्यावर उभा होता. तिच्या कामात एरवी तो कधी असा डोक्यावर उभा राहत नसे.

शनिवारी सकाळी मिस्त्री पट्टीवर रोलर फिरवायला गेला. तो गेलेला बघून ती शेडमध्ये आली, जमिनीवर उताणी झोपली आणि इंजिनाखाली सरकली. टाके उसवायच्या आकडीनं तिनं बाहीचे टाके एकेक करून उसवले. बाही मागे सारली. आत काळी नळी होती आणि तिच्यावर पिवळी रेघ होती.

ती नळी तिला ओळखायला वेळ लागला नाही. असलं भेंडोळं त्यांच्या शेडमध्ये खिळ्यालाच टांगलेलं असायचं. फवारणीच्या पंपाची नळी, औषधाच्या पाण्यासाठीची.

तिनं पाना लावून नळीच्या दोन्ही टोकांवरच्या लोखंडी पट्ट्या सैल केल्या. पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, थंडगार, आणि उसवताना कापलेल्या बोटात झोंबलं. नळी हातात आल्यावर तिनं ती कात्रीनं उभी चिरली. आतलं अस्तर पेट्रोलनं फुगून सुटलं होतं आणि जिभेसारखं लोंबत होतं. गरम झालं, इंजिनाच्या पंपानं ओढ लावली, की ही जीभ वाट बंद करत होती. बाहेरून नळी ठणठणीत.

मग तिनं शेड धुंडाळली. तेलाच्या पिंपामागे गोणपाटात गुंडाळलेली खरी नळी सापडली. तिनं ती इंजिनाला लावून बघितली. वीतभर कमी पडत होती.

मिस्त्री आला तेव्हा ती स्टुलावर बसली होती. मांडीवर दोन्ही नळ्या होत्या. त्यानं त्या बघितल्या, मग दाराकडे बघितलं, आणि सगळ्यात आधी जाऊन दार लोटून घेतलं. त्या दार लोटण्यानंच तिला सगळं सांगितलं.

"हळू बोल," तो म्हणाला.

"मी अजून बोललेच नाही."

"माप घेताना वळणाचा अंदाज राहिला गं. वीतभर कमी पडली. दुसरी यायला महिना लागला असता, तोवर शेत नांगरून झालं असतं. म्हटलं चालेल तात्पुरती."

"कधी कळलं तुला?"

त्यानं मान वर केली. बावीस वर्षांत तिनं त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. शब्द तिच्याही कानावर आदळला, पण तिनं तो मागे घेतला नाही.

"पहिल्यांदा बंद पडलं तेव्हा शंका आली होती," तो म्हणाला.

"म्हणजे कापड फाडलंस तेव्हा तुला माहीत होतं."

"खात्री नव्हती."

"माहीत होतं. टाकीत काही नाही हे माहीत असताना फाडलंस."

"एवढी माणसं बघत होती! दादा बघत होता. तोंडातून निघून गेलं."

"सूत तोंडातून निघालं. चाकू पण तोंडातूनच निघाला का?"

मिस्त्री पिंपावर बसला. त्याचे हात गुडघ्यांत गेले. "मी बदलणारच होतो."

"कधी? उद्या काका आत बसणार. आज सकाळी तू जमीन लाटायला गेलास. त्या माणसाचा एक पाय असाच गेलाय, तुझ्यासमोर त्यानं सांगितलं, आणि तू शंभर टक्के म्हणालास."

"ऐक. काकांकडे एखादी नळी असेल. जास्तीची पाहिजे म्हणून मागून आणतो. आज बसवून टाकू. कुणाला सांगायची काय गरज आहे? सापडलं ना शेवटी?"

ती उठली. तिच्या हातात अजून कात्री होती आणि ती पंखाकडे बघत होती. चौदाशे गाठी. एक एक करत सगळ्या कापून टाकाव्यात, लाकडाचा सांगाडा तेवढा उरावा आणि तो सोमवारी नांगरासमोर ठेवावा असं तिला मनापासून वाटलं. मिस्त्री घाईनं उठून मध्ये उभा राहिला.

"घाबरू नको," ती म्हणाली. "माझ्या हातचं आहे ते."

तिनं कात्री टेबलावर ठेवली, चिरलेली नळी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सायकल काढली.

काकांचं अंगण गावाच्या पलीकडच्या टोकाला होतं. काका खाटेवर बसून पायाला तेल चोळत होते. तिनं पुडकं त्यांच्यासमोर उघडलं. चुकून घातली म्हणावं, असं वाटेत एकदा तिच्या मनात आलं होतं. तिनं तसं म्हटलं नाही. जसं झालं तसं सांगितलं. काकांनी नळीत बोट घातलं, ती जीभ उचलून बघितली, सोडून दिली. पुन्हा उचलून बघितली.

"जमिनीवर तापवून निघालो असतो, तर साधारण दोनशे फुटांवर बंद पडलं असतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण तेलाची वाटी खाली ठेवताना सांडली. "पट्टीच्या पुढे तुमच्या भावजींची विहीर आहे ना?"

"आहे."

काका आत गेले आणि शिक्का असलेली नवी नळी घेऊन आले. "ही तुम्ही बसवायची. माप दोनदा घ्या, वळणासकट. मिस्त्रीचा हात या नळीला लागलाय असं कळलं तर मी येणार नाही."

"लागणार नाही."

तिनं माप तीनदा घेतलं. आधी दोरा लावून, मग फीत लावून, मग पुन्हा दोरा. कापली, बसवली, पट्ट्या आवळल्या, बाही चढवून कडा शिवल्या. मिस्त्री पिंपावर बसून बघत होता. एकदा तो पाना पुढे करायला उठला. तिनं दुसरा पाना उचलला.

रविवारी पुन्हा माणसं जमली. या वेळी हसायच्या तयारीनंच आली होती. दोर बांधला, ठोकळे लावले, झाकण बंद केलं. आठ मिनिटं झाली. बारा झाली. वीस झाली. टेलरबाई वाकून काट्याकडे बघत होती, वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आपटत होते. पंचवीस झाली. तिनं हात वर केला तेव्हा काकांनी बाहेरून हात घालून स्वतः चावी फिरवून इंजिन थांबवलं.

मोठे भावजी जवळ आले. "काय, सापडलं का सूत?"

"सूत नव्हतं भावजी," ती म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम मोठा ठेवला, मंगळवारी मिस्त्रीचा जेवढा मोठा होता तेवढा. "नळी होती. तुमच्या भावानं फवाऱ्याची नळी घातली होती. आणि ते त्याला माहीत होतं."

मिस्त्रीनं मान खाली घातली. भावजींनी मांडीवर थाप मारली. "हा लहानपणापासून असाच! स्वतः करायचं आणि—"

"तुम्ही हसू नका," ती म्हणाली. "मंगळवारी सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच हसला होता."

भावजी दोन पावलं मागे सरले. जाऊबाई दुसरीकडे बघू लागल्या.

काका आत बसले. दोर सोडला, ठोकळे काढले. विमान पट्टीवरून उड्या मारत निघालं, शेपटी उचलली गेली, आणि दोनशे पावलं व्हायच्या आत चाकांखाली उजेड दिसला. विहिरीवरून ते बरंच उंच गेलं. टेलरबाईला आपले टाके दिसत नव्हते, पण कापडावर हवा दाबत असेल ते तिला स्वतःच्या खांद्यांत जाणवत होतं. काकांनी गावाला दोन फेऱ्या घातल्या, वळून परत आले आणि एका उडीत उतरले. लोक धावले. टाळ्या, शिट्ट्या. काहींनी मिस्त्रीला उचलून घेतलं. सात वर्षं तो या उचलण्याची वाट बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पाहिलं आणि तिला वाईटही वाटलं, आणि वाईट वाटल्याचा तिला आणखी राग आला.

"बिघाड काय होता मिस्त्री?" आत्ताच पोचलेल्या दुकानदारानं खालून विचारलं.

"किरकोळ," मिस्त्री वरून म्हणाला. "नळी जरा कमी पडली."

काकांनी ते ऐकलं. त्यांनी सीटमागची नोंदवही काढून टेलरबाईच्या हातात दिली. "बिघाड, कारण, उपाय. आज लिहून ठेवा. पुढचा माणूस हे वाचून आत बसतो."

विमान ढकलत घरी आणलं तोवर दुपार कलली होती. शेडमध्ये दोघंच उरली. तिनं टेबल पुसलं, वही उघडून ठेवली, शेजारी पेन ठेवलं.

"आता तरी झालं ना?" मिस्त्री म्हणाला. "उडालं ना ते?"

"उडालं. लिही."

तो बसला. बिघाडाच्या रकान्यात त्यानं भराभर लिहिलं. उपायाच्या रकान्यातही लिहिलं. मधला रकाना सोडून तो उठायला लागला.

"कारण?"

तो पुन्हा बसला. बऱ्याच वेळानं लिहिलं आणि वही तिच्याकडे सरकवली. 'नळी मापात कमी पडली,' असं होतं.

"पडली?" ती म्हणाली. "आपली आपण?"

"अगं, अर्थ तोच ना."

"तोच असेल तर नीट लिही. कोणी कापली? दुसरी कोणी घातली?"

"हे कायमचं राहणार वहीत. तपासायला येणारे वाचतील. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवेल."

"माझं सूत सगळ्या गावानं ऐकलं. ते कुठं पुसायचं?"

मिस्त्रीनं पेन धरलं. त्याच्या बोटांना काळं तेल होतं आणि कागदाला त्याचा ठसा लागला. बाहेर भावजींचा ट्रॅक्टर सुरू झाला. सोमवारपर्यंत थांबायचं त्यांनी बहुतेक सोडून दिलं होतं. आवाज पट्टीच्या दिशेनं गेला. मिस्त्री ऐकत राहिला, मग त्यानं ओळीवर काट मारली आणि तिच्याखाली लिहिलं: 'नळी मी कमी कापली. चुकीची नळी मी घातली. माहीत असून सांगितलं नाही.'

तिनं उभ्या उभ्या वाचलं. शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरली, मग मिटून सीटमागे ठेवली.

"अजून किती दिवस अरे-तुरे करणार?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

ती शेडच्या दाराशी जाऊन हात धुऊ लागली. पेट्रोलचा वास दोनदा साबण लावूनही गेला नाही. पदराला हात पुसून ती वळली.

"जेवायला चल," ती म्हणाली, आणि पुढे निघाली.